ड्रीम थिएटरची रफ वही

प्रॅक्टिकलला आपल्याकडे दोन वह्या असतात. एक रफ, एक फेअर. फेअर जर्नलमध्ये ग्राफचे सगळे पॉइंट शहाण्या मुलांसारखे रेषेवर बसलेले असतात आणि सर मान न वर करता सही ठोकतात. खरं काय घडलं ते असतं रफ वहीत. खोडलेली रीडिंग्ज, त्यावर पुन्हा गिरवलेली रीडिंग्ज, कोपऱ्यात कुणीतरी काढलेलं सरांचं चित्र, आणि 'मीटर अडकतोय' अशी प्रामाणिक नोंद. सबमिशन झालं की ही वही मेसच्या मागच्या रद्दीवाल्याकडे जाते.

एका बॅण्डने मात्र आपली रफ वही रद्दीत घातली नाही. वर्षानुवर्षं जपली, तारखा घालून नीट लावली आणि मग चक्क विकायला ठेवली. त्या वहीबद्दल हा लेख आहे.

बॅण्डचं नाव ड्रीम थिएटर. १९८५ साली अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. जॉन पेट्रुची गिटारवर, जॉन मायुंग बासवर आणि माइक पोर्टनॉय ड्रम्सवर. २०२५ च्या 'पॅरासोम्निया'पर्यंत त्यांचे सोळा स्टुडिओ अल्बम झाले. त्या सोळांबद्दल तुम्हाला विंगमधला कुणीही गिटारवाला रात्री दोनपर्यंत सांगेल. मी सांगणार आहे ते या सोळांच्या बाहेरचं: डेमो, क्लबातल्या मैफिली, कापून टाकलेली गाणी. माझ्या मते हा बॅण्ड खरा कळतो तो तिथेच.

आता, प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय रे भाऊ? जोर मेटलचा, पण बांधणी मोठ्या रचनेची. ज्याला तबला थोडाफार ठाऊक आहे त्याला समजावणं सोपं जातं. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, तीनताल सोळाचा. एकदा ताल धरला की बंदिश संपेपर्यंत तोच. इथे मात्र सातच्या ठेक्यात निघालेलं गाणं दोन आवर्तनांत भलत्याच मोजणीत शिरतं, आणि तरी सगळे वादक एकाच क्षणी समेवर हजर! त्यांचं 'द डान्स ऑफ इटर्निटी' नावाचं सहा मिनिटांचं नुसतं वादन आहे. त्यात मोजणी शंभराहून जास्त वेळा बदलते. असली रचना एका बैठकीत होत नाही. ती कशी झाली हे डेमोत ऐकू येतं, आणि ती माणसांच्या हातून खरंच वाजते का हे लाइव्हमध्ये. फेअर जर्नलमध्ये या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

इथे थोडं टेक्निकल बोलावं लागेल, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

लाइव्ह रेकॉर्डिंग सगळी सारखी नसतात. सगळ्यात गरीब जात म्हणजे प्रेक्षकांतल्या कुणीतरी खिशात लपवून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर केलेलं. गणित करून बघा. ड्रमरचा डबल बास १८० च्या लयीत, एका ठोक्यात चार नोट्स असा चालला असेल तर दोन नोट्समधलं अंतर फक्त ८३ मिलिसेकंद. मोठ्या हॉलचा घुमारा दीड-दोन सेकंद रेंगाळतो. म्हणजे एक ठोका विरायच्या आत पुढचे वीस ठोके त्याच्या अंगावर येऊन बसतात. कानाला मिळतो तो नुसता गडगडाट. दुसरी जात साउंडबोर्डची, म्हणजे हॉलच्या मिक्सरमधून थेट घेतलेलं. हे स्वच्छ असतं पण कोरडं, आणि लहान क्लबात तर चक्क फसवं. कारण लहान जागेत गिटारचा अॅम्प स्वतःच एवढा मोठा वाजतो की मिक्सरमधून गिटार फारशी सोडावीच लागत नाही. टेपवर मग गायक पहिल्या बाकावर आणि गिटार शेवटच्या. 'पेट्रुची त्या दिवशी हळू वाजवत होता' असं म्हणणाऱ्याला हे सांगायचं. तिसरी जात मल्टिट्रॅक. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं आणि नंतर स्टुडिओत बसून मिसळायचं. बाजारात येणारे लाइव्ह अल्बम असे होतात. त्यात चुका गुपचूप दुरुस्त करायचीही सोय असते. कोण किती करतं हा चाहत्यांच्या भांडणाचा कायमचा विषय आहे.

शिवाय कॅसेटच्या काळात एकाची कॉपी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. दर पिढीत तेवढाच नॉइज नव्याने मिसळतो असं धरलं तर दुसऱ्या पिढीला नॉइजची पॉवर दुप्पट, म्हणजे ३ डीबीची भर. चौथ्या पिढीला ६ डीबी. आणि एखाद्याचा डेक सहा टक्के जोरात फिरत असेल तर सगळं गाणं एका सेमीटोनने वर चढतं, म्हणजे शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम यांच्यात असतं तेवढ्या अंतराने. गायक बिचारा सुरातच असतो, डेक बेसूर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तसं आपल्या मराठी माणसाला हे वेड नवीन नाही. खासगी बैठकींच्या टेपा जपणारी, विश्वास बसला तरच कॉपी करून देणारी मंडळी आपल्याकडे होतीच की! जुन्या तबकडीवर राग तीन मिनिटांत आटपावा लागे, एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळत, आणि बैठकीत तोच राग तासभर फुलत जाई. मग तबकडीवर समाधान मानायचं कोणी?

ड्रीम थिएटरमध्ये हा टेपवेडा इसम म्हणजे खुद्द ड्रमर. पोर्टनॉयने सगळं सांभाळून ठेवलं. १९९६ ते २००५ दर नाताळात फॅन क्लबच्या सभासदांना एकेक सीडी जायची, त्यात कापलेली गाणी आणि मैफिलीतले तुकडे असायचे. पुढे २००३ मध्ये त्याने यासाठी 'यत्सेजॅम रेकॉर्ड्स' नावाची वेगळी कंपनीच काढली. यत्सेजॅम हा शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये उलटा वाचा: मॅजेस्टी. हे बॅण्डचं पहिलं नाव. ('बूटलेग' म्हणजे चोरून केलेलं रेकॉर्डिंग. कंपनीने आपल्या मालाला 'अधिकृत बूटलेग' म्हटलं. म्हणजे अधिकृत कॉपी केसच!)

मॅजेस्टीच्या डेमोपासूनच सुरू करू. १९८६ साल, सहा गाणी, गायक ख्रिस कॉलिन्स, कीबोर्डवर केव्हिन मूर. हजार कॉपी निघाल्या आणि खपल्या. आवाज पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखा आहे, कॉलिन्स गरज नसताना किंचाळतो, आणि आयर्न मेडन आणि रश या दोन बॅण्डचा अभ्यास उघड दिसतो. (मॅजेस्टी हे नावही रशच्या तिकिटांसाठी रांगेत बसलेले असताना त्यांचंच गाणं ऐकून सुचलेलं.) पण गाण्याच्या मध्येच एकदम वळण घ्यायची खोड तेव्हापासूनची. वय वर्षं एकोणीस, आणि आहे त्यापेक्षा जास्त वाजवून दाखवायची घाई. आपल्या गॅदरिंगला वाजवणाऱ्या कुणालाही हे ऐकून धीर येईल. या मंडळींनी संगीतासाठी कॉलेज अर्धवट सोडलं. हे वाक्य रेक्टर साहेबांनी वाचलं नाही असं समजू या.

पुढे लास व्हेगासच्या एका बॅण्डने मॅजेस्टी हे नाव आमचं म्हणून कायद्याची धमकी दिली, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी नवीन नाव सुचवलं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे त्या नावाचं एक थिएटर होतं. १९८९ मध्ये पहिला अल्बम आला, 'व्हेन ड्रीम अँड डे युनाइट'. त्यावर गायला चार्ली डोमिनिची. बाकीच्यांपेक्षा वयाने बराच मोठा, आवाज बराच मऊ. अल्बम चालला नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डोमिनिचीला निरोप मिळाला. नाव ध्यानात असू द्या.

यानंतरचा वर्षाहून जास्त काळ बॅण्डला कायमचा गायकच नव्हता. आलेल्या टेपा ऐकायच्या, माणसं बोलवायची, जमत नाही म्हणून परत पाठवायची. दिवसा पोटापाण्याची कामं, रात्री सराव. 'इमेजेस अँड वर्ड्स डेमोज' (हे मुद्रण १९८९ ते १९९१ चं, बाहेर आलं २००५ मध्ये) हा या रिकाम्या दिवसांचा ऐवज आहे, आणि संपूर्ण रफ वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान. गायक नसलेली गाणी! जिथे पुढे शब्द येणार आहेत तिथे नुसती मोकळी जागा सोडलेली. आपण अल्बम ऐकून आलेले असतो, त्यामुळे मनातल्या मनात शब्द भरत जातो. आणि मग लक्षात येतं की हे शब्दांवाचूनही उभं आहे. १९९१ मध्ये कॅनडाहून जेम्स लाब्री आला, त्याच्यासह केलेल्या थोड्याशा डेमोवर मोठ्या कंपनीशी करार झाला आणि १९९२ मध्ये 'इमेजेस अँड वर्ड्स' निघाला. त्यातलं 'पुल मी अंडर' टीव्हीवर गाजलं. आठ मिनिटांचं गाणं शेवटी मध्येच तोडल्यासारखं बंद होतं. सीडी खराब आहे असं समजून ती परत करायला निघालेला माणूस मी पाहिलेला आहे.

या डेमोत एक लांबलचक रचना आहे, 'अ चेंज ऑफ सीझन्स'. पहिला खर्डा १९८९ चा. शब्द पोर्टनॉयचे, आणि त्यात त्याच्या आईचा विमान अपघातातला मृत्यू आहे. १९९२ च्या अल्बममध्ये हे घ्यायचं होतं, पण एवढ्या लांब गाण्याला जागा मिळाली नाही. बॅण्ड ते मैफिलीत वाजवत राहिला, टेपा फिरत राहिल्या, आणि कधीही न छापलेलं गाणं लोकांना पाठ झालं. शेवटी चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. १९९५ मध्ये ते पुन्हा लिहून, तेवीस मिनिटांचं करून रेकॉर्ड झालं. चोरट्या टेपांच्या जोरावर एखादं गाणं पक्क्या वहीत गेल्याचं हे ढळढळीत उदाहरण.

आता माझा लाडका विषय. 'मेट्रोपोलिस'.

'इमेजेस अँड वर्ड्स'वर साडेनऊ मिनिटांचं एक गाणं आहे, नाव 'मेट्रोपोलिस, पार्ट वन'. पार्ट टू कुठाय? कुठेच नाही. 'पार्ट वन' हे पेट्रुचीने गंमत म्हणून चिकटवलेलं होतं, पुढचा भाग लिहायचा कुणाच्याही डोक्यात नव्हतं. पण लोकांनी ते खरं धरलं. दर मैफिलीला विचारणा, दुसरा भाग कधी? म्हणजे आपण व्हायवात 'याचं डेरिव्हेशन मला येतं सर' असं उगाच म्हणावं आणि सरांनी खडू हातात द्यावा, तशातली गत.

हे गाणं १९९३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या मार्की क्लबात वाजलं. 'लाइव्ह अॅट द मार्की' ही छोटेखानी सीडी म्हणजे त्यांचं पहिलं अधिकृत लाइव्ह. सुरुवातच 'मेट्रोपोलिस'ने होते. मधला वादनाचा भाग ऐकताना जाणवतं की स्टुडिओत जे घड्याळासारखं होतं ते इथे पळतंय, थोडं पुढेपुढे धावतंय, तरी कुणाचा पाय घसरत नाही. तेव्हा ते पंचविशीतले होते. ही मस्ती नंतरच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये एवढी नाही.

१९९४ मध्ये 'अवेक' झाला आणि केव्हिन मूर सोडून गेला. जागी डेरेक शेरिनियन आला. १९९६ मध्ये नव्या अल्बमसाठी या मंडळींनी गाणी लिहिली ती दोन सीडी भरतील इतकी. त्यात एकवीस मिनिटांचं, शब्द नसलेलं, 'मेट्रोपोलिस पार्ट टू'. कंपनीने दुहेरी अल्बमला नकार दिला. सोपं लिहा, छोटं लिहा, रेडिओवर वाजेल असं लिहा. पेट्रुचीच्या एका गाण्यावर बाहेरचा हिट गीतकार डेस्मंड चाइल्ड बसवला गेला आणि 'यू ऑर मी'चं 'यू नॉट मी' झालं. 'बर्निंग माय सोल'च्या पोटातला वादनाचा भाग कापून त्याचं 'हेल्स किचन' असं वेगळं गाणं केलं. 'रेझ द नाइफ' तर वगळूनच टाकलं. १९९७ मध्ये 'फॉलिंग इंटू इन्फिनिटी' निघाला तेव्हा पोर्टनॉय बॅण्ड मोडायच्या बेतात होता.

हे सगळं आता दोन ठिकाणी ऐकता येतं. एक 'फॉलिंग इंटू इन्फिनिटी डेमोज', २००७ मध्ये निघालेला. दुसरी न्यू जर्सीतल्या ओल्ड ब्रिजची मैफल, १४ डिसेंबर १९९६. अल्बम यायच्या नऊ महिने आधी हा बॅण्ड आपल्या घराजवळच्या क्लबात कुणीही न ऐकलेली गाणी बिनधास्त वाजवतोय. प्रेक्षक टाळ्या नक्की कधी वाजवाव्यात या गोंधळात आहेत. मूळ रूपं आणि छापील रूपं एकामागोमाग ऐका. माझं मत असं की कंपनीचं सगळंच चुकलं नाही. काही डेमो खरंच पसरट आहेत, कात्री हवीच होती. पण 'यू नॉट मी'च्या बाबतीत कात्रीने नाकच कापलं.

आणि तो एकवीस मिनिटांचा नाकारलेला कागद? दोन वर्षांनी त्याचंच बियाणं झालं. त्या डेमोत मध्येमध्ये कान टवकारावे अशा जागा येतात, कारण आपण त्या आधीच ओळखत असतो: पुढे 'ओव्हर्चर १९२८' आणि 'स्ट्रेंज देजा वू' म्हणून प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या सुरावटी. १९९९ मध्ये शेरिनियन गेला, जॉर्डन रुडेस आला आणि 'मेट्रोपोलिस पार्ट टू: सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा अख्खा अल्बम एका खुनाच्या, पुनर्जन्माच्या गोष्टीवर उभा राहिला. विनोद म्हणून लावलेल्या 'पार्ट वन'चं कर्ज असं सात वर्षांनी फिटलं.

३० ऑगस्ट २००० ला न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये त्यांनी हा अल्बम सलग वाजवला. स्टेजवर नट, कोरस, गायिका थेरेसा थॉमसन, आणि गोष्ट संपल्यावर पुन्हा दीड-दोन तास बाकीची गाणी. त्यात 'मेट्रोपोलिस पार्ट वन' आलंच. 'अनदर डे'ला सॅक्सोफोन वाजवायला जे बेकनस्टाइन आला, मूळ रेकॉर्डवर वाजवलेला तोच. तीन सीडींचा संच, 'लाइव्ह सीन्स फ्रॉम न्यूयॉर्क'. हा संच दुकानात यायची तारीख होती ११ सप्टेंबर २००१, आणि मुखपृष्ठावर होतं ज्वाळांत वेढलेलं न्यूयॉर्क, जुळ्या मनोऱ्यांसकट. कित्येक महिने आधी काढलेलं चित्र! माल तातडीने परत मागवला आणि नव्या वेष्टनात पुन्हा काढला. आधीची प्रत आता संग्राहक चढ्या भावाने घेतात. मला त्यात रस नाही. त्या दिवशी जे झालं त्याचं एक कव्हर घरात शोभेला ठेवावं असं वाटत नाही. आतलं संगीत दोन्हीकडे तेच आहे.

इथे थांबून लाब्रीबद्दल बोललं पाहिजे, कारण माझं त्याच्याशी जुनं देणं आहे.

हॉस्टेलवर असताना आम्ही लाब्रीची यथेच्छ टिंगल करायचो. स्टुडिओत गातो आणि लाइव्हला पळतो, असा ठराव पास झालेला. पुरावा म्हणून १९९५ च्या टोकियोची मैफल लावायचो, २८ ऑक्टोबरची. (हीही पुढे २००४ मध्ये अधिकृतपणे निघाली.) त्यात उंच जागा आली की तो चाल खाली वळवतो, शब्द तोडतो, कधी सूर चक्क निसटतो. मी तर त्याची गाणी नुसत्या वादनासाठी ऐकत असे.

मग कळलं ते असं. २९ डिसेंबर १९९४ ला क्यूबात सुट्टीवर असताना लाब्रीला अन्नातून विषबाधा झाली. उलट्या इतक्या जोरात झाल्या की स्वरतंतू फाटले. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, इलाज नाही, शक्य तितकी विश्रांती घे. पण 'अवेक'चा दौरा ठरलेला. १२ जानेवारीला, म्हणजे दोन आठवड्यांत, तो जपानात स्टेजवर होता. आवाज पूर्ववत झालाय असं त्याला स्वतःला वाटायला २००२ उजाडलं.

आता या तारखा समोर ठेवून सगळी रेकॉर्डिंग पुन्हा लावा. 'अ चेंज ऑफ सीझन्स'सोबत छापलेली लाइव्ह गाणी ३१ जानेवारी १९९५ ची, लंडनच्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबातली. डीप पर्पल, लेड झेपलिन, एल्टन जॉन, सगळी दुसऱ्यांची गाणी. स्टेजवर येसचा स्टीव्ह हाव आणि मरिलियनची मंडळी पाहुणी म्हणून येऊन गेलेली, एकूण मौजेची रात्र. आणि गाणाऱ्याचा घसा फाटून तेहतीस दिवस झालेत. टोकियोची मैफल दहा महिन्यांनंतरची. रोझलँडही त्या सात वर्षांतलंच. आम्ही ज्याला 'पळतो' म्हणत होतो तो माणूस जखम सांभाळत, आज कुठली जागा झेपेल याचा दर ओळीला अंदाज घेत गात होता. त्यात आमच्याकडच्या काही कॉप्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या, वेग कमीजास्त झालेल्या. तो सेमीटोनचा हिशोब आठवतोय ना? आम्ही डेकचा बेसूरपणाही त्याच्याच खात्यावर टाकला होता.

टोकियोचं रेकॉर्डिंग मी अजूनही ऐकतो. आवाज सुधारलेला वाटत नाही. तो खराबच लागलाय. पण आता वादनासाठी ऐकत नाही.

दुसऱ्यांचे अख्खे अल्बम वाजवायची एक टूम पोर्टनॉयने काढली. एका शहरात सलग दोन रात्री असल्या की दुसऱ्या रात्री, कुणाला न सांगता, एखादा जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. २००२ मध्ये बार्सिलोनात मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', त्याच वर्षी पॅरिसला आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट', २००५ मध्ये लंडनला पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', २००६ मध्ये जपानात डीप पर्पलचा 'मेड इन जपान'. मेटलवाल्या प्रयोगांना शिव्याही पडल्या, पिंक फ्लॉइडला कौतुक मिळालं. माझं म्हणणं, मेटालिका एकदा ऐकण्यापुरतं ठीक. लाब्रीचा गळा त्या जातीचा नाही. 'डार्क साइड' मात्र खरंच छान उतरलंय, कारण तिथे त्यांना हळू वाजवावं लागलं. पोर्टनॉय प्रत्येक शहरात गेल्या खेपेला काय वाजवलं याचीही नोंद ठेवायचा आणि गाणी बदलायचा. त्यामुळेच एकेका दौऱ्याच्या टेपा वेगवेगळ्या जमवण्यात अर्थ होता.

मोठ्या हॉलच्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. २००४ च्या टोकियोच्या 'बुडोकान'मधलं 'हॉलो इयर्स' पेट्रुचीच्या वाढवलेल्या सोलोसाठी ऐकायचंच. १ एप्रिल २००६ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या 'स्कोर'मध्ये ऑर्केस्ट्रा आहे, पण मला त्यातला पहिला भाग प्यारा. विसाव्या वाढदिवसाला त्यांनी मॅजेस्टीच्या डेमोतलं 'अनदर वन' काढलं आणि नऊ वर्षांपूर्वी वगळलेलं 'रेझ द नाइफ'ही. २००८ चं 'केऑस इन मोशन' नसलं तरी चालेल.

२०१० च्या सप्टेंबरात पोर्टनॉयने बॅण्ड सोडला आणि यत्सेजॅमचं दुकान थंडावलं. २०२१ पासून 'लॉस्ट नॉट फरगॉटन अर्काइव्ह्ज' या नावाने जुना माल नव्याने, बराचसा स्वच्छ करून निघू लागला. यत्सेजॅमच्या सीडी शोधत बसण्यापेक्षा आता तेच घ्या. २०२३ च्या ऑक्टोबरात पोर्टनॉय परत आला. २० ऑक्टोबर २०२४ ला लंडनच्या ओटू अरीनात त्याची परतीची पहिली मैफल झाली. पहिलं गाणं कुठलं? 'मेट्रोपोलिस पार्ट वन'. दुसरं काय असणार!

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात मॅजेस्टी डेमोने करू नये, पळून जाल. आधी १९९२ चा अल्बम चार-पाच वेळा. मग 'मार्की'. मग बिनगायकाचे डेमो, रात्री मेसवरून आल्यावर, हेडफोन लावून. फोनच्या स्पीकरवर मायुंगचा बास मुळात ऐकूच येत नाही, तेव्हा तो वाजवत नाही असं मत बनवू नका. मग १९९६ चं ओल्ड ब्रिज, डेमोतला एकवीस मिनिटांचा 'पार्ट टू' आणि लगोलग 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'. पीएलमध्ये हे करू नका.

आणि सगळ्यात शेवटी 'व्हेन ड्रीम अँड डे रीयुनाइट'. ६ मार्च २००४, लॉस एंजेलिसचं पँटेजेस थिएटर. न चाललेल्या पहिल्या अल्बमला पंधरा वर्षं झाली म्हणून तो अख्खा वाजवला, लाब्री गायला. मग एन्कोअरला एक माणूस स्टेजवर येतो आणि हॉल ओरडायला लागतो. चार्ली डोमिनिची. आधी 'टू लिव्ह फॉरेव्हर', मग 'मेट्रोपोलिस'. शेरिनियनही आलेला असतो, त्यामुळे कीबोर्डवाले दोन, गायक दोन. काढून टाकलेला आणि त्याच्या जागी आलेला, एकाच गाण्यात. डोमिनिची २०२३ च्या नोव्हेंबरात गेला, पोर्टनॉय परतल्याची बातमी आल्यावर महिन्याभरात. रेकॉर्डिंग फार स्वच्छ नाही. आवाज थोडा वाढवून ऐका.